ढोल्या अक्षराची शेड

शालिकभाऊ,

तुमचं नाव कोणत्या अक्षरात लिहायचं, हे तुम्ही मला जिवंतपणीच विचारून ठेवलं होतं. मी तेव्हा फाडकन उत्तर दिलं, आणि ते चुकलं. चुकलं हे तुम्ही तिथल्या तिथे सांगितलंत. बरोबर काय, ते मात्र सांगितलं नाहीत. बशीतला चहा अर्धा ठेवलात, सायकलला टांग मारलीत आणि गेलात. परवा तुमची तेरवी झाली. तिच्या आधीचे चार दिवस मी त्या उत्तरामागे तुमच्या अंगणात हिंडत होतो. त्याची हकीकत तुम्हाला कळायला हवी. तुम्हाला वाचायचा कंटाळा, ते मला ठाऊक आहे. तुम्ही अक्षरं वाचत नव्हतात, पाहत होतात. तेव्हा हा कागदही वाचू नका. चार पावलं मागे सरा, डोळे बारीक करा आणि हा माणूस खरं बोलतो आहे की लबाडी करतो आहे, तेवढं लांबून पाहा.

आपली ओळखच माझ्या फजितीने झाली. ती गोष्ट तुम्ही दर नव्या माणसाला सांगायचात. आता सांगणारा मी एकटाच उरलो. जटपुऱ्याच्या आतल्या गल्लीत माझ्या वडिलांचा छापखाना होता. पायाने चालवायचं यंत्र, अक्षरांचे शिशाचे खिळे, आणि ते जुळवणारा मी. तुम्ही एका नाटक मंडळाच्या हँडबिलाचा मजकूर घेऊन आलात. मी हौसेने आमच्याकडचे सगळ्यात मोठे खिळे काढले आणि त्यात नाटकाचं नाव जुळवलं. मग नायिकेचं नाव जुळवलं, मग तबलजीचं. मग बायकांची बसायची सोय स्वतंत्र आहे, तेही त्याच जाड ठशात. छापलेलं पान तुम्ही हात लांब करून धरलंत.

"काऊन बे प्रेसवाल्या, हे काय होय?"

"हँडबिल."

"मले तं बाजार वाटून राह्यला. सारं घरच वरडून राह्यलं तं सासऱ्याचं आयकन कोन?"

त्या दिवसापासून मी प्रेसवाल्या. माझं खरं नाव तुम्हाला शेवटपर्यंत ठाऊक होतं की नाही, याची मला शंका आहे.

नाटकाची पोस्टरं आणि भिंती तुम्ही ज्या अक्षरात रंगवायचात, त्याला 'ढोल्या', म्हणजे पोटसुट्या, हे नाव कुणी दिलं, ते कुणालाच सांगता येत नाही. ते दिसायचंच तसं. शिरोरेषा मयालीसारखी, घराच्या तुळईसारखी जाड आणि दोन्ही टोकांना वर उचललेली. तुमचे वडील वैनगंगेत डोंगा चालवायचे, मासे धरायचे. ते वर उचललेलं टोक तुम्हाला कुणाकडून शिकावं लागलं नाही. रेषेखाली प्रत्येकाला पोट. ज्या अक्षराला जन्मतः पोट नाही, त्यालाही तुम्ही दिलंत. तुमच्या हातचा 'ग' पंगतीतून उठून सुपारी शोधत असल्यासारखा दिसायचा. पोटात पिवळा रंग, काठाला लाल, आणि सगळं वाळल्यावर उजव्या अंगाला काळी शेड. शेड तुम्ही दुसऱ्या कुणाला कधी मारू दिली नाहीत. "शेड मारेपर्यंत अक्षर झोपून असते," तुम्ही म्हणायचात. "शेड मारली का उठून बसते." आणि खरंच, पसरट पडलेलं नाव तुमच्या ब्रशाच्या एका फेरीत भिंतीपासून सुटून पुढे यायचं. मी ते शंभरदा तरी पाहिलं असेल आणि दर वेळी एक पाऊल मागे सरलो असेन.

धान घरात आलं, बैलांच्या शर्यती, म्हणजे शंकरपट, सुरू झाले, की गावोगाव नाटकं. आणि नाटकाच्या आधी ढोल्या. नाटकाच्या नावात कुंकू नाही तर सूड, दोन्हींपैकी एक असायचंच. पण ते नाव कुणी वाचायच्या आधी ढोल्याने काम केलेलं असायचं. एसटीच्या खिडकीतून, बैलगाडीतून, डोक्यावर मोळी घेऊन चाललेल्या बाईला अर्ध्या फर्लांगावरून कळायचं की या गावात नाटक आहे. आपण दोघं अहेरीला भिंत रंगवायला गेलो होतो, तो बाजाराचा दिवस आठवतो? टोपल्या घेऊन चाललेल्या दोन गोंड बाया थांबल्या. आपसात त्यांच्या बोलीत काही बोलल्या. मग एकीने तुम्हाला मराठीत विचारलं, "नाटक कवा हाये?" तुमचं अजून पहिलंच अक्षर चाललं होतं. दुसरं लिहायचं होतं, तारीख लिहायची होती. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जसं काही तुमच्या पोराने मैदान मारलं.

"पाह्य," तुम्ही म्हणालात. "तिनं वाचलं नाई. तरी आयकलं."

घरी या परीक्षेच्या परीक्षक पारूबाई. तुमच्या बायकोला अक्षरओळख नव्हती, आणि तुम्ही ती कधी होऊ दिली नाहीत, असा माझा आरोप होता. तुम्ही म्हणायचात, शिकायला तिलाच वेळ नाही. खरं काय ते तुम्हा दोघांना ठाऊक. पण कोणतीही पाटी झाली की तुम्ही हाक मारायचात, "आयकतेस काय, हे कायचं होय?" त्या चुलीपुढून उठून दारात यायच्या, पदराला हात पुसायच्या आणि निकाल द्यायच्या. "शाळेचं." "दवाखान्याचं." "हे कायचंच नाई." शेवटचा निकाल आला की तुम्ही मुकाट्याने पांढरा रंग घेऊन सगळं पुसायचात. मी एकदा म्हटलं, भाऊ, ज्या बाईला वाचता येत नाही तिच्या सांगण्यावरून पाटी पुसता? तुम्ही म्हणालात, "वाचता येनाऱ्याले फसवता येते बे."

आता ती जुनी तेरवी. तुम्ही जन्मभर सांगितलीत, आणि मी जन्मभर मान खाली घालून ऐकली. आज मान वर करून सांगतो.

तुम्ही अहेरीला होतात, जंगल खात्याच्या पाट्या रंगवायला, आठ-दहा दिवसांसाठी. इकडे गोंडपिपरीच्या रस्त्यावरच्या एका गावचे पाटील तुम्हाला शोधत माझ्या छापखान्यात आले. त्यांचे वडील बळवंतराव वारले होते. तेरवी शेतात होती; पाहुण्यांना वळण कळावं म्हणून रस्त्यावर लावायला एक कापडी बॅनर हवा होता. पेंटर नाहीत, असं सांगायला काय जात होतं? पण माझे हात शिवशिवत होते. तुमच्या मागे उभं राहून पाहिलं म्हणजे आपल्याला येतं, असं मला वाटत होतं. माणूस मोठा होता, मान मोठा दिला पाहिजे, असंही वाटत होतं. मी कापडभर 'बळवंतराव' लिहिलं. ढोल्यात. पोटात पिवळं, काठाला लाल, आणि न विचारता काळी शेड. 'यांची तेरवी' हे शब्द खाली बारीक अक्षरात बसवले, कारण एकच ओळ ढोल्या, हा तुमचाच नियम. आयुष्यात एकदाच मी तुमचा नियम पाळला आणि तोच अंगावर आला.

बॅनर बांधून मी जेवायला तिथेच थांबलो होतो. दुपारी पंगत बसायच्या सुमाराला पहिली बैलगाडी आली. गाडीत घोंगडी, बसायला गोणपाटाचे बोरे, पाण्याची कळशी आणि एक आजी. मग दुसरी आली. मग सायकली. कुणीतरी विचारलं, "पडदा कुठी लागून राह्यला?" एक पानठेलेवाला आला आणि आंब्याखाली दुकान मांडून मोकळा झाला. त्याच्यामागे फुटाणेवाला. पाटलांचे भाऊबंद डोक्यावरून पांघरूण घेऊन बसले होते, ते उठून पाहायला लागले. दोन गावच्या लोकांत तोवर पैजसुद्धा लागली होती की 'बळवंतराव' हे नाटक ऐतिहासिक आहे की सामाजिक.

आणि नेमकी तेव्हाच अहेरीहून परतणारी तुमची एसटी त्या वळणावर आली. कंडक्टर तुमच्या ओळखीचा. तो म्हणाला, "शालिकभाऊ, तुमचं नाटक दिसते इथी." तुम्ही खिडकीतून पाहिलंत. आपलंच अक्षर, आपण न काढलेलं. तुम्ही बस थांबवायला लावलीत.

तुम्ही शेतात आलात तेव्हा मी मांडवाच्या मागे, पाण्याच्या पिंपाआड होतो. लपलो नव्हतो असं मी आजवर सांगत आलो. लपलो होतो. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. सरळ पाटलांपुढे गेलात, हात जोडलेत आणि म्हणालात, "चूक माही हाये. अक्षर माहं हाये." एवढंच. माझं नाव घेतलं नाहीत. पाटील तुम्हाला जे बोलले ते मी पिंपाआडून ऐकलं. तुम्ही ऐकून घेतलंत. मग बळवंतरावांची म्हातारी बायको मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती, ती म्हणाली, "राहू दे रे. बुढ्याले नाटकाचा लय शौक होता. आले ते पाहुनेच होत. बसवा जेवाले." वरणात पाणी वाढलं, भोपळ्याची भाजी दोनदा टाकली, आणि घोंगडीवाले, बोरेवाले, पानठेलेवाला, सगळे जेवून गेले. त्या गावात एवढी मोठी तेरवी कधी झाली नव्हती.

परतताना आपण एसटीच्या टपावर बसलो होतो. मी म्हटलं, "म्हातारी तर खूश झाली, भाऊ."

"ते तिचं मोठेपन."

"गर्दी तर झाली."

"तुह्या अक्षरानं खोटं सांगतलं आन् लोकं आले. खोटं बोलून जमवलेली गर्दी कायची मोजतं?" मग रस्त्याकडे पाहत, "मरनाले ढोल्या नसते बे."

तो संपूर्ण हंगाम तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. छापायचा मजकूर पारूबाईंच्या हाती यायचा. पण तुम्ही ती चूक अंगावर घेतलीत, याबद्दल मी तुम्हाला कधी दोन शब्द बोललो नाही. आधी धीर झाला नाही, मग उशीर झाला, मग तुम्ही ती गोष्ट हसून सांगायला लागलात आणि मीही हसायला लागलो. हसण्यात ते राहून गेलं. आज लिहितो: त्या दिवशी मांडवामागे मी होतो आणि मांडवापुढे तुम्ही.

त्या वादात मात्र मी हटलो नाही. मरणाला ढोल्या का नसावा? माणूस जन्मभर ज्या तोऱ्यात वावरला, तो तोरा मेल्यावर त्याच्या नावातून का काढून घ्यायचा? बारीक, काळ्या, सभ्य अक्षरात छापलेली शोकपत्रिका पाहिली की वाटतं, मेलेला माणूस आणि रॉकेलचा कोटा एकाच हाताने लिहिला आहे. तुम्ही म्हणायचात, "मोठ्या अक्षराचं काम बलावनं हाये. मेलेल्या मानसाकडं कोनाले बलावतं तू?" मी म्हणायचो, जे आले ते जेवून तर गेले. तुम्ही म्हणायचात, "पाय पिंपाआड आन् तोंड पुढं." इथे वाद थांबायचा.

मग संगणक आला. वडील गेले, पायाचं यंत्र भंगारात गेलं आणि मी जटपुऱ्याचा पहिला डीटीपीवाला झालो. निदान पाटीवर तसं मीच लिहिलं होतं. त्या गल्लीत दुसरा कुणी नव्हता, त्यामुळे ते खोटंही नव्हतं. शिकताना माझ्या हातून दोन लग्नपत्रिकांमधले नवरदेव बदलले, ते वेगळं. पण एक काम मी जीव लावून केलं. तुमची जुनी पोस्टरं गोळा केली. नाटक मंडळांच्या पेट्यांतली, भिंतीवरून सोललेली, एक तर गोठ्याच्या फटीला लावलेलं. त्यातलं एकेक अक्षर स्कॅन केलं, माऊसने त्याचं पोट गिरवलं, शिरोरेषेची टोकं उचलली. पावसाळाभर तेच करत होतो. कळ दाबली की ढोल्या उमटायचा, शेडसकट. फॉण्टला नाव दिलं 'शालिक'. तुम्हाला विचारलं नाही. मला वाटलं, मी तुम्हाला अमर करतो आहे. अमर करायचं असलं तर आधी विचारावं लागतं, हे मला सुचलं नाही.

आणि हातात फुकटचा ढोल्या आल्यावर मी काय केलं? जे त्या पहिल्या हँडबिलाचं केलं तेच. शाळेचं स्नेहसंमेलन ढोल्यात. पिठाची गिरणी ढोल्यात. 'येथे लघवी करू नये' ढोल्यात, आणि तिथे उलट गर्दी वाढली. घुग्घुसच्या एका दातांच्या डॉक्टरांचा फ्लेक्स मी ढोल्यात करून दिला. पाळी सुटली की खाणीतली माणसं मोटरसायकली थांबवून कंपाउंडरला विचारायची, तिकीट कुठे मिळतं. डॉक्टरांनी फ्लेक्स परत आणून दिला आणि म्हणाले, या अक्षरांकडे पाहून पेशंटला वाटतं की आत मारामारीचा प्रवेश चालू आहे.

नाटकवालेही फ्लेक्सकडे वळले. नागपूरहून फोटोसकट छापून यायचं, नायिकेचा चेहरा एक पुरुष उंच. भिंत रंगवायला कोण बोलावणार? तुमचे ब्रश वाळायला लागले ते माझ्यामुळे नाही, हे तुम्हीही म्हणायचात आणि मीही. पण त्या फ्लेक्सवरचं नाटकाचं नाव कोणत्या अक्षरात असायचं, ते आपण दोघंही बोलायचो नाही.

एका दुपारी तुम्ही दुकानात आलात. मी चहा मागवला. स्क्रीनवर एका मिठाईच्या दुकानाचं काम होतं, 'दरबार' असं नाव. तुम्ही पहिल्यांदाच आपलं अक्षर त्या काचेत पाहत होतात. मला वाटलं, आता कौतुक येतं की शिवी. तुम्ही बराच वेळ पाहिलंत. मग म्हणालात, "हे दोन र जुडवे होत काय?"

"म्हणजे?"

"दोघंही सारखेच काऊन? एक मंधात बसला हाये, एक कोपऱ्याले. मंधातल्याले दोहीकडून ढोले दाबून राह्यले. एसटीच्या सीटवर दोन ढोले एका जागी बसले तं एकानं खांदा तिरपा करा लागते, का नाई? शेजारी कोन बसला ते पाहूनच पोट सोडा लागते. तुहे हे..." तुम्ही शब्द शोधलात. "याईले शेजारच नाई."

मी म्हटलं, "पण भाऊ, तुमच्यानंतरही हे अक्षर राहील."

तेव्हा तुम्ही तो प्रश्न विचारलात. रागाने नाही. पाटी कुठे लावायची हे विचारावं, तसा.

"मी मेल्यावर माह्या नावाची पाटी तू कायच्यात काढशीन?"

"ढोल्यात," मी म्हणालो. "सगळ्यात मोठ्या. शेडसकट."

तुम्ही बशी खाली ठेवलीत. "म्हंजे अजून तुले समजलं नाई," म्हणालात, आणि गेलात.

त्यानंतरही तुम्ही येत राहिलात, चहा पीत राहिलात, पावसाचं, तळ्यातल्या मासोळीचं, माझ्या वाढलेल्या पोटाचं बोलत राहिलात. अक्षराचं नाही. मी वाट पाहत होतो की तुम्ही विषय काढाल. तुम्ही बहुधा वाट पाहत होतात की मी विचारीन. दोघंही चहाच पीत राहिलो.

तेरवीच्या चार दिवस आधी पारूबाईंचा निरोप आला. गेलो. अंगणात तुमची सायकल भिंतीला टेकलेली होती, हँडलला रंगाचं फडकं तसंच. त्या म्हणाल्या, "भाऊजी, त्याईच्या नावाची पाटी तुमीच करा. नाटकवाले येतीन, गावचे येतीन. घर दिसलं पाह्यजे."

तुम्ही सांगितलं होतं तेच मी केलं. मरणाला ढोल्या नाही. बारीक, काळ्या, सरळ अक्षरात तुमचं नाव, पांढऱ्यावर, चारी बाजूंना रेघ. फ्लेक्स छापून आणला आणि दाराशी धरला. पारूबाई आतून आल्या, पदराला हात पुसले. सवयीने मी विचारलं, "वयनी, हे कायचं होय?"

त्यांनी पाहिलं. "राशनच्या दुकानाचं."

मी फ्लेक्स गुंडाळला. वादात मी जिंकलो होतो, आणि सांगायला समोर तुम्ही नव्हतात.

दुसऱ्या दिवशी संगणकावरचा ढोल्या चार कागदांवर छापून, चिकटवून घेऊन गेलो. शेडसकट, जसं तुम्हाला बोललो होतो. पारूबाई उंबरा उतरून खाली आल्या. मग म्हणाल्या, "नाटक हाये. पर त्याईचं नाई."

"काऊन?"

"हे एकमेकाकडं पाहूनच नाई राह्यले."

तुम्ही घरी जाऊन त्यांना काही सांगितलं होतं की त्यांना आपसूक दिसलं, मी विचारलं नाही. त्या आत गेल्या आणि तुमची पत्र्याची पेटी घेऊन आल्या. माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, "हातानं काढा."

मी म्हटलं, वहिनी, माझ्या हाताने एकदा काढलं होतं, तर तेरवीला फुटाणेवाला आला होता. त्या हसल्या. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या असतील, किंवा मला तसं वाटून घ्यायचं आहे.

अंगणातल्या भिंतीला त्यांनी आदल्या दिवशीच चुना मारून ठेवला होता. म्हणजे त्यांना आधीच ठाऊक होतं आणि दोन दिवस त्या माझी गंमत पाहत होत्या. तुमच्या पेटीत पिवळ्याचा डबा पार वाळलेला. लाल तळाला थोडा. काळा मात्र भरलेला. मी खडूने रेघ मारली, ती वाकडी गेली. वाकडीच ठेवली, टोकं तेवढी उचलली. 'श' काढायला घेतला आणि नेहमीप्रमाणे अधाशीपणा केला. पोट इतकं सुटलं की अर्धी भिंत त्यानेच खाल्ली. आता उरलेल्यांना जागा कुठून आणायची? 'लि'ची वेलांटी 'श'च्या खांद्यावरून वाकवून आणली. 'ल'चं पोट आत ओढलं. 'क'ला खांदा तिरपा करून कडेला बसवलं, एसटीतल्या शेवटच्या माणसासारखं. मी काही शिकलो होतो म्हणून नाही, भाऊ. जागा संपत आली म्हणून. पण दूर होऊन पाहिलं तेव्हा ते तिघं एकमेकांना सांभाळून बसले होते. हाताला सवय नव्हती, त्यामुळे काठ सगळीकडे थरथरलेले. पिवळा नव्हताच, पोटं पांढरीच राहिली; लाल रंग पातळ करून करून कसाबसा पुरला.

राहिली शेड. काळ्याचा डबा उघडला, तुमचा तो तिरप्या केसांचा ब्रश घेतला. हा ब्रश मी याआधी कधी हातात धरला नव्हता. धरू दिला नव्हतात. मी ब्रश रंगात बुडवला तोच पारूबाई चहा घेऊन आल्या आणि माझ्यामागे उभ्या राहिल्या. मी ब्रश तसाच धरून विचारलं,

"वयनी, हे कायचं होय?"

चहाचा कप मला न देता त्या तसाच धरून राहिल्या.

"नाटक नाई," त्या म्हणाल्या.

"मंग?"

"नाटक सरलं, उजाडलं, आन् मानसं बोरे गुंडाळून घरी चालले ना, तसं हाये." मग कप माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "राहू द्या आता. झालं." मी शेड न मारताच ब्रश पुसला.

तेरवीला लोक आले. नाटकवाले आले, अहेरीहूनही दोघं आले. वळणावर काही लावलं नव्हतं, तरी कुणी चुकलं नाही. प्रत्येकजण भिंतीपुढे थांबला. तुमच्याबरोबर पडदे रंगवलेला एक म्हातारा म्हणाला, पेंटरचं काम अर्धवट राहिलं वाटते. घोंगडी घेऊन मात्र कुणी आलं नव्हतं.

तो फॉण्ट मी पुसून टाकला, असं इथे लिहिता आलं असतं तर छान दिसलं असतं. टाकलेला नाही. त्याच्यावरचं तुमचं नाव तेवढं काढून टाकलं आहे, आणि दातांच्या डॉक्टरांना तो देत नाही. तुम्हाला न विचारता घेतला, आणि आता विचारायला जागा नाही. हे माझ्याकडे राहील.

काळ्या रंगाचा डबा घट्ट बंद करून पेटीत ठेवला आहे. तिरपा ब्रश रॉकेलमध्ये धुऊन, केस सरळ करून, त्याच्या शेजारी. ढोल्यातच काढलं, भाऊ. फक्त उठवलं नाही.